लहान मुलाला लिहायला कधी आणि कसं शिकवावं? सुरुवात घरातल्या कामांपासून

जून-जुलैमध्ये माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार घेऊन पालक येतात. "डॉक्टर, रोज सकाळी याचं पोट दुखतं." मूल चार-साडेचार वर्षांचं असतं. वजन ठीक, ताप नाही, उलटी नाही, तपासलं तर पोट मऊ. रविवारी मात्र दुखत नाही. थोडं खोदून विचारलं की आई दप्तरातून वह्या काढते. एका वहीत एकच अक्षर पानभर, दुसरीत एक ते पन्नास, तिसरीत ए-बी-सी-डी. रेघा इतक्या दाबून ओढलेल्या असतात की मागच्या पानावर उठलेल्या दिसतात. मध्येच खोडरबराने फाटलेला कागद.

मग खरा प्रश्न येतो. "हा लिहितच नाही हो. बुद्धीचं काही टॉनिक देता का?"

असं टॉनिक नसतं. लिहायला लावणारं कोणतंही सिरप औषधाच्या दुकानात मिळत नाही आणि अशा मुलांपैकी बहुतेकांच्या बुद्धीत काहीही कमी नसतं. त्यांचा हात अजून तयार झालेला नसतो, एवढंच. तो कसा तयार होतो, घरातल्या रोजच्या कामांतून त्याला मदत कशी करायची आणि कोणत्या वेळी खरोखर डॉक्टरांकडे जायचं, ते या लेखात सांगते. (डॉक्टरने अक्षराबद्दल बोलावं यावर तुम्हाला हसू आलं असेल तर हरकत नाही. माझी चिठ्ठी वाचताना आमचा मेडिकलवालाही हसतो.)

हात लिहिण्यासाठी कधी तयार होतो?

आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती सगळी कूर्चेची, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारखी लवचीक असतात. त्या वयात एक्स-रे काढला तर ती दिसतच नाहीत. पहिली दोन पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतात. चार वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत साधारण तीन-चार दिसतात, सहा-सात वर्षांपर्यंत सात होतात आणि आठवं वाटाण्याएवढं हाड तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी उगवतं. हाडं पक्की झाली की आपोआप लिहिता येतं असं नाही. पण तुमच्या हाताची छोटी प्रत म्हणजे मुलाचा हात, असं समजून त्याच्याकडून एक पान लिहून घेऊ नका, एवढं यावरून नक्की कळतं.

हाडांबरोबर स्नायूही तयार व्हावे लागतात. पेन्सिल धरताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट काम करतात. उरलेली दोन बोटं तळहाताकडे वळून हाताला टेकू देतात. बोटांच्या बारीक हालचाली तळहातातले छोटे स्नायू करतात, त्यांना मनगट स्थिर लागतं, मनगटाला कोपर आणि कोपराला खांदा. ही तयारी साधारण खांद्याकडून बोटांकडे येते. म्हणून दीड वर्षाचं मूल अख्खा हात फिरवून भिंतीवर रेघोट्या मारतं. त्याचा खांदा लिहीत असतो, बोटांची पाळी अजून यायची असते.

नऊ-दहा महिन्यांचं बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जमिनीवरचा चुरमुरा उचलतं. लेखनाची पहिली पायरी खरं तर हीच. सव्वा ते दीड वर्षात खडू मुठीत धरून गिरगटणं सुरू होतं. दोनच्या आसपास तुमचं पाहून उभी रेघ, अडीचच्या सुमारास आडवी, तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, साडेचारला चौकोन आणि पाचव्या वर्षी त्रिकोण, असा साधारण क्रम असतो. शंकरपाळ्यासारखा आकार सहा-सात वर्षांपर्यंत जमत नाही. सगळ्याच मुलांमध्ये दोन-चार महिने इकडेतिकडे होतात. शेजारच्या घरातली मुलगी तीन वर्षांची असताना 'अ' काढत होती, हे ऐकून घाबरू नका.

चौकोन, त्रिकोण आणि तिरकी रेघ अजून जमत नसेल तर अक्षरांची घाई करू नका, असं मी पालकांना सांगते. आपल्या लिपीत तिरक्या रेघा आहेत, गाठी आहेत, अर्धगोल आहेत. 'क' काढायचा म्हणजे उभा दंड, डावीकडे गोल आणि उजवीकडे वळलेली शेपटी, शिवाय डोक्यावर रेघ. चार वर्षांच्या मुलासाठी हे बरंच अवघड चित्र आहे.

सरकारी धोरणातही ही समजूत आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षांचा काळ पायाभूत टप्पा मानला आहे. त्यात पहिलीचं वय सहा वर्षं धरलं आहे आणि त्याआधीचं शिक्षण खेळातून, कृतीतून व्हावं असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात अनेक शाळांमध्ये ज्युनिअर केजीलाच तीन वह्या असतात, तो भाग वेगळा.

स्वयंपाकघर: हाताची खरी व्यायामशाळा

तुमच्या घरात महागडी शैक्षणिक खेळणी नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. रोजचा स्वयंपाक करताना मुलाला शेजारी बसवून घ्या.

मटारची शेंग सोलताना मूल काय करतं ते एकदा नीट बघा. एका हाताने शेंग धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने शिवण दाबून फोडायची, मग एकेक दाणा अंगठ्याने ढकलून वाटीत पाडायचा. एक हात धरतो, दुसरा काम करतो. पुढे वही धरणारा हात आणि लिहिणारा हात अशीच वाटणी करणार आहेत. भुईमुगाच्या शेंगा फोडायला जास्त जोर लागतो, म्हणून त्या पाच वर्षांनंतर. मेथी निवडणं, कोथिंबिरीची पानं खुडणं तीन वर्षांच्या मुलालाही जमतं. अर्धी पानं जमिनीवर पडतील. तुमचा वेळ दुप्पट जाईल हेही खरं, म्हणून सकाळच्या डब्याच्या घाईत हे करू नका. संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी करा.

कणीक हे माझं आवडतं औषध आहे. मळताना खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात. लिंबाएवढे गोळे तळहातावर वळणं, मग बोरांएवढे, मग फक्त तीन बोटांनी मिरीएवढे, असं लहान-लहान होत जा. कणकेचे लांब साप करा आणि ते वाकवून गोल, अर्धगोल, गाठ करायला द्या. अक्षरांचे वळसे मूल इथे बोटांनी ओळखतं. पोळी लाटायला छोटं पोळपाट-लाटणं द्या. आकार कोणत्याही देशाच्या नकाशासारखा झाला तरी ती पोळी भाजून त्यालाच वाढा, त्याचा आनंद काही और असतो.

सणावाराला तर संधीच संधी. मोदकाच्या कळ्या पाडणं म्हणजे तीन बोटांची चिमूट अगदी हलक्या दाबाने पुन्हा पुन्हा वापरणं. दाब जास्त झाला की पारी फाटते, कमी झाला की कळी राहत नाही. पेन्सिल किती दाबायची याचा अंदाज हाताला अशाच कामांतून येतो. उकड गरम असते, म्हणून मुलाला सराव करायला साधी कणीक द्या. करंजी कातण्याने कापताना मूल वळणदार रेघेवरून हात फिरवतं. लिंबू पिळणं, चमच्याने डाळ एका वाटीतून दुसरीत घेणं, चिमटीने तीळ उचलून लाडवावर लावणं, जे हाताशी असेल ते चालेल.

स्वयंपाकघराबाहेरही कामं आहेतच. कपडे वाळत घालताना चिमटे मुलाला लावू द्या. चिमटा उघडायला अंगठा आणि तर्जनीचा जोर लागतो, तोच पेन्सिलीलाही लागतो. हातरुमाल पिळणं, मोजे स्वतः चढवणं, शर्टाची बटणं लावणं. बटण हा माझ्या तपासणीचा भाग आहे. पाच वर्षांचं मूल स्वतःचं बटण लावत नाही असं कळलं की मी विचारते, "येत नाही की लावू देत नाही?" बहुतेक वेळा उत्तर दुसरं असतं. सकाळी रिक्षा दारात उभी असते, आई पटापट बटणं लावून देते, चमच्याने भरवते, बूट घालते. मुलाच्या हाताला दिवसभरात कामच मिळत नाही आणि संध्याकाळी त्याच हातात पेन्सिल येते.

अंगण, मैदान आणि खांदे

बोटांचं काम खांद्यावर उभं असल्यामुळे पळणं, लोंबकळणं, चढणं हीसुद्धा लेखनाची तयारी आहे. दुसऱ्याने पाय धरून हातांवर चालवण्याचा खेळ, दोरी ओढणं, झोक्याच्या साखळ्या घट्ट धरणं, बागेला झारीने पाणी घालणं. दिवाळीच्या किल्ल्याची माती कालवण्याइतका चांगला व्यायाम मला सुचत नाही. शहरात अंगण नसेल तर गच्चीवर किंवा कुंडीतल्या मातीत काम द्या. गणपतीच्या आधी शाडूची माती आणलीत तर थोडी मुलासाठी ठेवा.

पाच-सहा वर्षांनंतर सागरगोटे, गोट्या आणि भोवरा. सागरगोट्यात एक बी वर उडवायची, तेवढ्यात खालच्या उचलायच्या आणि उचललेल्या तळहातात सांभाळायच्या. हाताचा एक भाग धरून ठेवतो आणि दुसरा भाग काम करतो, ही करामत लिहिताना लागते. पत्ते वाटणं, फुलांचा हार ओवणं, कागदाची होडी करणं हेही याच जातीचं.

मोबाइलबद्दल पालक विचारतात, "ॲपवर बोट फिरवून अक्षरं काढतो, ते चालेल का?" गुळगुळीत काचेवर बोट सरकवताना धरणं, दाबणं, टेकू देणं यातलं काहीच होत नाही. ॲपवर 'अ' काढणाऱ्या मुलाला कागदावर तो येईलच असं नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, असा आहे.

रेघांकडून अक्षरांकडे

'धुळाक्षरं' हा शब्द आपण आजही वापरतो. पूर्वी फळीवर धूळ पसरून त्यात अक्षरं काढत, त्या धूळपाटीवरून तो आला. ती पद्धत आजच्या नजरेने पाहिली तरी चांगली होती. धुळीत बोट फिरवताना मुलाला पेन्सिल धरायची नसते, आकार बोटाला जाणवतो आणि चुकलं तर हात फिरवून पुसता येतं. खोडरबराने फाटलेल्या पानाची लाज वाटत नाही. घरी परातीत रव्याचा पातळ थर पसरा. तोच रवा डब्यात ठेवून पुन्हा पुन्हा वापरता येतो. ओल्या वाळूत काडीने, फरशीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशने, पाटीवर ओल्या कापसाने, असे प्रकार बदलत राहा.

दारातली ठिपक्यांची रांगोळीही फार उपयोगाची. ठिपके सारख्या अंतरावर, एका ओळीत, डावीकडून उजवीकडे. मग ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत रेघ. सुरुवात कुठे, थांबायचं कुठे हे मुलाला दिसतं. सुरुवातीला तुम्ही चार ठिपके द्या, मुलाने जोडावेत. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढतात, तीही लहान मुलांच्या हाताला जमेल अशीच आकृती आहे.

अक्षरं घेताना बाराखडीच्या क्रमाने जाण्याची गरज नाही. सुरुवातीच्या धड्याला आपण 'ग म भ न' म्हणतो, कारण ही चार अक्षरं आकाराने जवळची आहेत. उजवीकडे उभा दंड सगळ्यांना आहे, बदल फक्त डावीकडे. दंड पक्का झाला की मुलाचं अर्धं काम झालेलं असतं. मग 'व ब क', 'र स ख', 'प ष फ' असे गट घ्या. 'ट ठ ढ द' ही गोलाची मंडळी नंतर. अक्षर आधी आणि डोक्यावरची रेघ शेवटी, ही सवय सुरुवातीपासून लावा. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' यांत फरक आहे तो बराचसा डोक्यावरच्या तुटक रेघेचा. त्यामुळे मुलं त्यांची अदलाबदल करतात. ३ आणि ६ तर एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटावी इतके जवळचे आहेत. सहा-सात वर्षांपर्यंत असं उलटसुलट होणं नेहमीचं आहे, तेवढ्यावरून कोणताही शिक्का मारू नका.

गटांच्या आधी मात्र मुलाच्या नावातली अक्षरं घ्या. कोणत्याही मुलाला सगळ्यात आधी लिहावंसं वाटतं ते स्वतःचं नाव. चित्राखाली नाव घालायला सांगा. अक्षर उलटं आलं, एखादं राहिलं तरी त्या क्षणी दुरुस्त करू नका.

लिहायचं कशासाठी, हे मुलाला दिसू द्या

घरात कोणी लिहीतच नसेल तर मुलाला लेखन म्हणजे शाळेची शिक्षा वाटते. आता आपण सगळेच फोनवर बोटं चालवतो, त्यामुळे मुलाला हाताने लिहिणारं माणूस दिसतच नाही. किराण्याची यादी कागदावर लिहा आणि मुलाला सोबत घ्या. 'बटाटा' त्याला लिहिता येणार नाही, पण बटाट्याचं चित्र काढता येईल आणि दुकानात तुम्ही त्याची यादी 'वाचून' घेऊ शकता. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशोब ठेवत असाल तर रोजची खूण त्याला करू द्या. छोट्या चौकटीच्या आत, एकच खूण, तीही रोज. तीस दिवसांत त्या खुणा कशा बदलतात ते महिन्याच्या शेवटी तुम्हीच बघा. आजीला गावी पाठवायच्या कागदावर मूल जे सांगेल ते तुम्ही त्याच्यासमोर लिहा, खाली त्याने गिरगटावं. बोललेलं कागदावर उतरतं आणि ते दुसऱ्याला वाचता येतं, हे मुलाला इथे कळतं. बोटांच्या तयारीइतकीच ही समज महत्त्वाची आहे.

पेन्सिल, बैठक आणि वेळ

लांब, नवी कोरी पेन्सिल लहान हाताला जड जाते. बोटाएवढा तुकडा द्या. तुटलेला खडू फेकू नका. छोटा तुकडा मुठीत धरताच येत नाही, मूल आपोआप तो चिमटीत घेतं. भिंतीवर मोठा कागद किंवा पाटी लावून उभ्याने काढू दिलं तर मनगट आपसूक योग्य कोनात येतं आणि खांद्यालाही काम मिळतं.

पेन्सिल तीन बोटांत धरली की चार बोटांत, यावरून घरात वाद नकोत. चार बोटांची पकडही चालते. पकड साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत बदलत असते. बोटांची पेरं पांढरी पडत असतील, मूल सारखा हात झटकत असेल किंवा हात दुखतो म्हणत असेल, तर मात्र लिहिणं थांबवा आणि आठवडाभर कणीक, रवा, चिमटे यांवर या.

मांडी घालून बसणार असाल तर पुढ्यात पाट किंवा चौरंग ठेवा. खुर्चीवर बसवलंत तर पाय अधांतरी राहू देऊ नका, खाली डबा किंवा स्टूल ठेवा. पलंगावर पालथं झोपून लिहिताना मान आणि मनगट दोन्ही अवघडतात. चार वर्षांच्या मुलाला एका बैठकीत पाच-दहा मिनिटं पुष्कळ झाली.

मूल डावखुरं असेल तर

साधारण दहा माणसांत एक डावखुरं असतं. कोणता हात पुढे येणार हे दोन ते चार वर्षांत दिसू लागतं आणि पाच-सहा वर्षांपर्यंत पक्कं होतं. हात बांधून ठेवणं, हातावर मारणं, पेन्सिल काढून दुसऱ्या हातात देणं यातून मुलाचं लिहिणं आणखी अवघड होतं आणि त्याचा स्वतःवरचा विश्वास जातो. माझा थोरला मुलगा डावखुरा आहे. घरातल्या ज्येष्ठांशी बरीच चर्चा होऊन शेवटी प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा आणि बाकी सगळं त्याच्या मर्जीने, असा तह झाला. अजून तो टिकून आहे.

अशा मुलाचा कागद शरीराच्या थोडा डावीकडे ठेवा आणि कागदाचा वरचा भाग उजवीकडे कलता असू द्या. पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही. शाळेत बाकावर डाव्या टोकाला बसवायला सांगा, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागतं. नेहमीची कात्री त्याच्या हातात नीट चालत नाही, तो त्याचा दोष नाही.

हे करताना काय सांभाळाल

मटाराच्या हंगामात नाकात वाटाणा घातलेलं एखादं मूल माझ्याकडे येतंच. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ मणी, बिया, वाटाणे ठेवून उठून जाऊ नका. नाकात दाणा गेलाच तर बोट किंवा पिन घालून काढायला जाऊ नका आणि पाणीही घालू नका, दाणा फुगतो. कधी गेला हे कळलं नाही आणि एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणारा शेंबूड सुरू झाला, तर सर्दी समजून औषध देत बसू नका, नाक तपासून घ्या. खेळण्यातला बटणासारखा गोल सेल नाकात किंवा पोटात गेला तर तो काही तासांतच इजा करतो, तेव्हा लगेच रुग्णालय गाठा. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे खायला देऊ नयेत. खाताना अचानक ठसका लागून खोकला थांबत नसेल तर वाट पाहू नका. मुलाला श्वास घेता येत नसेल तर ती त्या क्षणाची आणीबाणी आहे.

बाजारातली रांगोळी दगडाची भुकटी असते. ती डोळ्यात आणि श्वासात जाते, म्हणून लहानांना तांदळाचं पीठ द्या. लसूण सोलायला दिलात तर नंतर साबणाने हात धुवा, नाहीतर तेच हात डोळ्याला लागतात.

आणि पाटीवरची पेन्सिल. मूल ती लिहायला घेतं आणि चघळून संपवतं, आई ओरडून थकते. पेन्सिल, खडू, माती, भिंतीचे पापुद्रे खाणाऱ्या मुलांमध्ये अनेकदा लोहाची कमतरता सापडते. हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असलेलं मूल लवकर दमतं, चिडचिडं होतं, त्याचं लक्ष टिकत नाही. लोहाचं औषध मात्र वजनानुसार ठरवावं लागतं, मनाने आणून देऊ नका आणि बाटली मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. जास्त प्रमाणात पोटात गेल्यास ते घातक ठरतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं

वर्ष-दीड वर्षाच्या आतच बाळ सतत एकच हात वापरत असेल आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली राहत असेल, तर "आमचा डावखुरा होणार" असं म्हणून सोडून देऊ नका. इतक्या लहान वयात असं होणं हे मेंदूच्या किंवा हाताच्या नसेच्या त्रासाचं लक्षण असू शकतं. लवकर कळलं तर उपचारांचा फायदा जास्त होतो.

आधी येत असलेल्या गोष्टी मूल विसरू लागलं, चमचा धरायचं ते धरेनासं झालं, बोलायचं ते बोलेनासं झालं, तर त्याच आठवड्यात दाखवा. तीन ते सहा वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतो, पोटऱ्या जाड दिसतात, असं असेल तर स्नायूंच्या आजाराची तपासणी लागते. सीपीके नावाच्या साध्या रक्तचाचणीने सुरुवात होते. मी बालरोगतज्ज्ञ नाही, अशा मुलांना मी पुढे पाठवते. पण "आळशी आहे, उठतच नाही" असं वर्षभर ऐकून आलेलं मूल पाहिलं की वाईट वाटतं.

डोळे तपासायचे राहतात, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. वही नाकाजवळ नेणं, डोकं तिरकं करणं, डोळे बारीक करणं, तिरळेपणा, यातलं काहीही दिसलं तर लगेच आणि काही दिसलं नाही तरी शाळेत घालण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या. एका डोळ्याने कमी दिसत असेल तर मूल तक्रार करत नाही, त्याला सगळ्यांनाच असं दिसतं असं वाटतं. हा 'आळशी डोळा' सात-आठ वर्षांच्या आत उपचार मिळाल्यास चांगला सुधारतो, पुढे अवघड होत जातं. बोलणं उशिरा आलं असेल तर कानही तपासा.

पाच-साडेपाच वर्षं पूर्ण होऊनही बटण, चमचा, चेंडू झेलणं, साधा चौकोन यातलं काहीच जमत नसेल आणि घरी तीन-चार महिने संधी देऊनही फरक पडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांमार्फत ऑक्युपेशनल थेरपिस्टना भेटा. लेखन-वाचनातल्या अध्ययन अक्षमतेचं ठाम निदान साधारण आठव्या वर्षाआधी केलं जात नाही, त्यामुळे केजीतल्या मुलाला 'डिस्लेक्सिया आहे' असं कोणी परस्पर सांगितलं तर विश्वास ठेवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा मोफत तपासणी होते. गरज पडल्यास जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. खर्चामुळे थांबलेल्या पालकांनी अंगणवाडी सेविकेकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

पोटदुखीच्या मुलांचं पुढे काय होतं, ते सांगायचं राहिलं. मी शाळेसाठी चार ओळी लिहून देते: मुलाचा हात अजून तयार होत आहे, पुढचे तीन महिने एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त लेखन देऊ नये. काही शाळा ऐकतात. काही ऐकत नाहीत, तेव्हा पालकांनी वर्गशिक्षिकेशी एकट्याने बोलावं, मुलासमोर नको. बहुतेक बाई समजून घेतात, त्यांच्यावरही वह्या पूर्ण करून घेण्याचा दबाव असतो. घरी ठरवून दोन आठवडे वही बंद, मटार आणि कणीक सुरू. यांतल्या बऱ्याच मुलांचं सकाळचं पोट तेवढ्यात शांत होतं. झालं नाही, किंवा मूल रात्री पोटदुखीने जागं होत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर मात्र दुखण्याचं कारण वेगळं असतं आणि मी पुन्हा तपासते.

तपासणीला येताना शाळेची वही नाही आणलीत तरी चालेल. मुलाने स्वतःहून काढलेली दोन-तीन चित्रं आणा, भिंतीवरची असतील तर फोटो काढून आणा. त्यावर मागे तारीख आणि तेव्हाचं मुलाचं वय लिहिलेलं असेल तर मला फार मदत होते.